दळून उरलेला दगड

मागच्या उन्हाळ्यात रात्री दीड वाजता मी इन्स्टाग्रामवर एक टेबल बघितलं. इटलीतला कुठलासा डिझाइन स्टुडिओ होता. काळपट दगडाचा गोल माथा, खाली पांढऱ्या संगमरवराचे तीन ठोकळे आणि कॅप्शनमध्ये ‘काळापासून प्रेरित’ अशा अर्थाचं काहीतरी. किंमत युरोत होती. रुपयांत करून बघितली आणि मोबाईल पालथा घातला. तेवढ्यात आमच्या बिद्रीच्या घराचं निम्म्या-अधिक बांधकाम झालं असतं.

घराचं बांधकाम डोक्यात यायला कारण होतं. त्याच आठवड्यात जुनं घर पाडायला काढलं होतं. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, पण त्या महिन्यात घरून काम घेऊन गावी आलो होतो. दिवसा मीटिंगा, मागे पहारीचे आवाज. म्यूट काढला की टीममधल्या सगळ्यांना आमच्या भिंती पडताना ऐकू यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात जाऊन बघितलं तर जोत्याचे घडीव दगड एका बाजूला, शहाबादी फरशा दुसऱ्या बाजूला, देवघरातला संगमरवराचा पाट एका पोत्यावर आणि या सगळ्याच्या पलीकडे चिखलात पडलेलं आजीचं जातं. काळ्या दगडाचा गोल माथा.

मला वाटलं, ते युरोतलं टेबल तर आमच्या अंगणातच पडलंय.

ते टेबल मी बनवलं, पण बनवताना एक चूक केली. ती दुरुस्त होण्यातली नाही. त्या चुकीपर्यंत यायला मात्र मला बराच लांबचा रस्ता घ्यावा लागेल, कारण ती चूक काय होती हे मलाच खूप उशिरा कळलं.

अंगणातले तीन दगड

आधी दगडांबद्दल. ‘काळ’ ही थीम घेऊन दगडाचं काही करायचं तर दगडाचं वय माहीत हवं, एवढं माझ्यातल्या इंजिनिअरला कळत होतं. बी.ई.ला आम्हाला भूगर्भशास्त्र नव्हतं, त्यामुळे शाळेपासून नव्याने वाचायला लागलो.

तुम्हाला विचारलं की जातं, शहाबादी फरशी आणि संगमरवर यात सगळ्यात जुनं काय, तर तुम्ही बहुतेक जातं म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. काळाकुट्ट, ओबडधोबड, आदिम दिसतो तो दगड. आणि संगमरवर कसा चकचकीत, शोरूममधला. प्रत्यक्षात उलटं आहे. या तिघांत जात्याचा दगड सगळ्यात तरुण.

जातं बेसाल्टचं. आपला सगळा सह्याद्री, आपले किल्ले, लेणी, घाट, विहिरी, जोती, पाटे-वरवंटे याच दगडाचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडून त्यातून लाव्हा वाहिला. एकदाच नाही, थरावर थर. तो थंड होऊन दख्खनचं पठार झालं. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर हा दगड पसरलेला आहे आणि पश्चिम घाटाच्या काही भागांत या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. डायनोसॉर संपले तो हाच काळ. म्हणजे आमच्या जात्याचा दगड वाहत होता तेव्हा डायनोसॉर शेवटच्या घटका मोजत होते.

शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावाने ओळखली जाते. तो चुनखडक आहे. एका उथळ समुद्राच्या तळाशी गाळ थरथर बसत गेला आणि त्याचा दगड झाला. म्हणून तर ती फरशी पानापानांनी सुटते आणि करवतीशिवायही काढता येते. हा समुद्र होता तेव्हा जमिनीवर एक झाड नव्हतं, एक प्राणी नव्हता. आणि संगमरवर म्हणजे अशाच चुनखडकाला जमिनीच्या पोटात प्रचंड दाब आणि उष्णता मिळून झालेला नवा दगड. राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवर, जो ताजमहालाला लागला आणि पुढे कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियललाही, तोही आपल्या बेसाल्टच्या कितीतरी आधीचा.

आमच्या घरात हे तीन काळ एकमेकांच्या शेजारी नांदत होते. समुद्राच्या तळावर आम्ही जेवायला बसत होतो, त्याच तळाच्या भाजून निघालेल्या भावंडावर देव बसले होते आणि कोपऱ्यात लाव्हा ज्वारी दळत होता. कुणी डिझाइन केलं नव्हतं. जो दगड जिथं स्वस्तात मिळाला, जिथं कामाला आला, तिथं बसवला होता.

माझ्या कामात काळ म्हणजे एक आकडा. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, एवढंच कॉम्प्युटर मोजतो. जुन्या ३२ बिटांच्या सिस्टिममध्ये तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला मावेनासा होईल म्हणून जगभर लोक आधीपासून कामाला लागलेत. अडुसष्ट वर्षांत भरणारं भांडं! रोज त्या आकड्याशी खेळणाऱ्या माणसाला ६.६ कोटी हा आकडा वाचता येतो, पण पचत नाही.

गोल फिरायला किती वर्षं लागली

मग जात्याकडे वळलो. आपल्याला वाटतं जातं कायमचंच होतं. तसं नाही. दळण जुनं आहे, गोल दळण त्या मानाने नवं.

इनामगाव, नेवासे, जोर्वे इथल्या ताम्रपाषाण काळातल्या लोकांकडे, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वी, गोल जातं नव्हतं. एक मोठा, मधे खोलगट झालेला दगड असायचा आणि त्यावर दुसरा दगड दोन्ही हातांनी पुढे-मागे रगडायचा. आपल्या पाटा-वरवंट्याचा पूर्वज. गुडघ्यांवर बसून, पाठ वाकवून, सगळं वजन खांद्यांतून ढकलत. जगभरात याच पद्धतीने दळत होते. पश्चिम आशियात अशा दळणाऱ्या बायकांच्या हाडांवर, गुडघ्यांवर आणि पायाच्या बोटांवर त्या कामाच्या खुणा संशोधकांना सापडल्या आहेत.

मग कुणाला तरी सुचलं की ढकलण्याऐवजी फिरवावं. युरोपात साधारण इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या सुमाराला स्पेनच्या भागात गोल जाती दिसायला लागतात. रोमन लोकांनी ती सगळीकडे नेली. जर्मनीतल्या मायेन गावच्या ज्वालामुखी दगडाची जाती तर दूरदूरच्या प्रदेशांत विकली जात. तोही लाव्हाच, आपल्या बेसाल्टचा लांबचा नातेवाईक. आपल्याकडे गोल जातं सातवाहन काळाच्या थरांत दिसतं. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांनी भारतातल्या गोल जात्यांचा वेगळा अभ्यास केला आणि त्यांचा संबंध रोमन जगाशी असलेल्या व्यापाराशी जोडला.

हे वाचून मला कोल्हापूरचं ब्रह्मपुरी आठवलं. पंचगंगेच्या काठावरचं ते टेकाड. तिथं १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथल्याच कांस्यवस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची छोटी मूर्ती मिळाली होती. कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये शाळेच्या सहलीत आम्ही ती बघितली होती. तेव्हा गाईड सर म्हणाले होते, ‘बघा, रोमचा देव कोल्हापुरात’ आणि आम्ही मागच्या मागे भेळ खायला पळालो होतो. समुद्राचा देव समुद्रापासून घाट चढून इथवर आला, त्याच काळात कदाचित त्याच वाटांनी दगड गोल फिरवायची युक्तीही आली असेल. देव काचेच्या पेटीत बसला. युक्ती घराघरांत दोन हजार वर्षं फिरत राहिली.

पहाटेचं घड्याळ

आजीला हे सगळं सांगितलं. ती अंगणात खाटेवर बसून पाडकामावर देखरेख करत होती.

“रोमचं?” ती म्हणाली. “आमचं तर निपाणीच्या बाजारातनं आणलं हुतं. तुझ्या पणज्यानं. बैलगाडीतनं.”

आजी १९६३ च्या सुमाराला या घरात लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती. आजोबांच्या आईचं जातं तिच्याकडे आलं. गावात पिठाची गिरण होती, पण दर वेळी गिरणीला द्यायला पैसे नसायचे, आणि पावसाळ्यात गिरण बंद असली की काहीच इलाज नसायचा. मी तिला विचारलं, घड्याळ नव्हतं तर उठायचीस कशी?

“शुक्राची चांदणी वर आली की उठत हुतो,” ती म्हणाली. पुण्यातल्या मित्रांना ऐकायला गंमत वाटते, पण आमच्याकडे बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. “ढगात चांदणी दिसत न्हाई तवा शेजारणीचं जातं ऐकू आलं की उठायचं. एकीचं वाजलं की दुसरीचं, दुसरीचं वाजलं की तिसरीचं. मग कारखाना झाला, भोंगा झाला. मग भोंग्यावर.”

आमच्या गावात काळ कसा मोजला गेला याचा एवढा नेमका इतिहास मला कुठल्या पुस्तकात मिळाला नसता. आधी चांदणी, मग जात्याची घरघर, मग साखर कारखान्याचा भोंगा. मी लहान असताना बिद्रीच्या भोंग्यावर शाळेचं दप्तर भरायचो. आता मोबाईल आहे.

जात्याची घरघर म्हटली की ओव्या आल्याच. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याला बांधलेली असते. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी आपल्या साथीदारांबरोबर महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. तो संग्रह आता ‘परी’ या संकेतस्थळावर आहे, मोबाईलवर ऐकता येतो. मी एका रात्री इअरफोन लावून तासभर ऐकत बसलो. सासर, माहेर, भाऊ, पाऊस, विठ्ठल आणि अगदी बाबासाहेबही. दळताना अंधारात फक्त जातं ऐकत असतं, म्हणून त्या बायका तिथं खरं बोलल्या.

सकाळी मोठ्या उत्साहाने आजीला म्हटलं, तू पण म्हण की एखादी, मी रेकॉर्ड करतो.

“नगं,” ती म्हणाली.

“का गं? विसरलीस?”

“विसरत न्हाई त्ये.” बस, एवढंच. मग तिने गवंड्याला फरशा नीट ठेवायला सांगितलं आणि विषय संपला.

खिद्रापूरची गोल शिळा

टेबल कसं करावं हे सुचेना म्हणून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चुलतभावाच्या बाईकवर बसून खिद्रापूरला गेलो. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी कोपेश्वराचं देऊळ आहे. कोल्हापूरच्या शिलाहार राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. तिथं देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेख आहे. देऊळ बेसाल्टचं, म्हणजे आमच्या जात्याच्याच घराण्यातलं. पण त्याच दगडावर इथं असं काम केलंय की खांब लोण्याचे वाटावेत.

देवळाच्या पुढे वेगळा उभा असलेला स्वर्गमंडप आहे. ४८ खांब, त्यातले आतल्या बारा खांबांचं रिंगण आणि छताला मधोमध सुमारे तेरा फुटांचं गोल मोकळं आभाळ. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तशीच गोल, अखंड शिळा. वर दिक्पाल आपापल्या वाहनांवर बसून खाली बघताहेत. कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र बरोबर त्या गोलात येतो असं म्हणतात आणि तेव्हा तिथं गर्दी होते. फोटो तुम्हीही बघितले असतील.

मी सॉफ्टवेअरवाला असल्याने आधी हिशोब केला. कार्तिक पौर्णिमा साधारण नोव्हेंबरात येते. तेव्हा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १३ ते २१ अंशांवर असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणजे तो तितकाच उत्तरेला जातो, पाचेक अंश इकडे-तिकडे. खिद्रापूर साडेसोळा अंशांच्या जरा वर आहे. तेव्हा मध्यरात्रीच्या सुमाराला चंद्र जवळजवळ डोक्यावर येणारच. लोक सांगतात त्यात तथ्य आहे. दर वर्षी सारखं जुळणार नाही, कारण चंद्राची ही पाच अंशांची हेलकावणी साडेअठरा वर्षांच्या चक्रात बदलते. एखाद्या वर्षी चंद्र गोलाच्या मधोमध, एखाद्या वर्षी जरा कडेला.

हाच हिशोब सूर्याला लावला तर आणखी मजा आहे. आपल्या भागात वर्षातून दोनदा सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. मे आणि ऑगस्ट, दोन्हींच्या पहिल्या आठवड्यात. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या दिवशी भर दुपारी छताच्या गोलातून येणारी उन्हाची चकती खालच्या गोल शिळेवर यायला हवी. म्हणून तर मी त्या आठवड्यात गेलो होतो.

घड्याळात बारा वाजले तेव्हा चकती पश्चिमेला होती, शिळेच्या बाहेर सांडलेली. भाऊ म्हणाला, “चुकलं तुझं गणित.” मी म्हटलं, थांब. आपलं घड्याळ प्रयागराजजवळून जाणाऱ्या रेखांशावर चालतं, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. इथली खरी दुपार साडेबाराच्या आसपास होते. देशभर एक वेळ १९०६ मध्ये लागू झाली. मुंबईने तर आपली वेगळी, ३९ मिनिटं मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली होती. शिळेला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या दृष्टीने आमचं घड्याळ अर्धा तास पुढे आहे, बास.

बारा पंचवीसच्या सुमाराला ऊन शिळेवर चढलं. मग चकती जवळपास तिच्यावर बसली. काठाला काठ जुळला असं छातीठोक सांगणार नाही. सूर्य हा ठिपका नसून आकाशातली अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे उन्हाचा काठ कधीच सुरीसारखा पडत नाही, धूसरच असतो. काही मिनिटं तो उजेड तिथं होता. मग पूर्वेच्या खांबांकडे सरकायला लागला. आम्ही दोघं काही बोललो नाही. भावाने फोटोसुद्धा उशिरा काढला.

बांधणाऱ्यांच्या मनात हे सगळं होतं का, हे मला ठरवता येणार नाही. पण आठशे-साडेआठशे वर्षं तो उजेड वर्षातून दोनदा त्या शिळेवर चढून उतरतोय, कुणी बघो न बघो. ‘काळापासून प्रेरित’ गोल दगड मी तोपर्यंत फक्त इन्स्टाग्रामवर बघितला होता.

डिंक न लावता

परत आल्यावर मी डिझाइनर लोकांचं वाचायला लागलो. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची याचं काचेचं कॉफी टेबल जगप्रसिद्ध आहे. हा माणूस १९४९ मध्ये भारतात आला आणि त्याने जंतरमंतरचे फोटो काढले. जयपूरचं सम्राट यंत्र हे दगडी सूर्यघड्याळ आहे, सुमारे २७ मीटर उंच. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेलं. त्याच्या सावलीची कड संगमरवरी मोजपट्टीवरून सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. म्हणजे तिथं काळ नुसत्या डोळ्यांनी चालताना दिसतो. नोगुचीचं उत्तरायुष्यातलं काम बघितलं तर त्यात बेसाल्ट भरपूर दिसतो. दगडाची अर्धी बाजू घासून गुळगुळीत केलेली आणि अर्धी खाणीतून आली तशी सोडलेली.

दुसरा माणूस इटालियन, आंजेलो मंजारोत्ती. त्याने १९७१ मध्ये ‘इरोस’ नावाची संगमरवरी टेबलं केली. त्यात स्क्रू नाही, चिकटवायला काही नाही. पाय वरच्या बाजूला निमुळता आणि माथ्याला तशाच उताराचं भोक. माथा वरून बसवला की स्वतःच्या वजनाने आवळून बसतो. हे वाचून मी हसलो, कारण आमच्या जोत्याचे दगड तसेच बसले होते. कोरड्याने रचलेले, नुसत्या वजनावर. आणि जातं म्हणजे तरी काय? एका खिळ्यावर पेललेलं वजन.

तर माझं डिझाइन ठरलं. जात्याचा खालचा दगड हा माथा, पावणेदोन फूट व्यासाचा. त्याखाली जोत्याचे तीन दगड, चिकटवायला काही नाही. मधल्या भोकात, जिथं लोखंडी खिळा होता, तिथं देवघरातल्या पाटाच्या कापून काढलेल्या संगमरवराची गोटी. तीन काळांपैकी दोन वर, आणि सगळं शहाबादी फरशीच्या तुकड्यावर उभं. स्केच काढलं, मित्रांना पाठवलं, पन्नासेक हृदयं मिळाली.

मग मी जात्याचा खालचा दगड गाडीत घालून एका वर्कशॉपमध्ये नेला. तिथं ग्रॅनाइटचे ओटे करतात. मी म्हटलं, वरची बाजू मस्त पॉलिश करून द्या, आरशासारखी. कारागिराने दगडावरून हात फिरवला आणि विचारलं, “हे टाकीचे घाव ठेवायचे का घालवायचे?”

मी म्हटलं, घालवा. चहाचा कप डुगडुगेल.

त्याने चार तास मशीन चालवलं. पाण्याबरोबर काळा गाळ वाहून गेला. दगड आरशासारखा झाला. त्यात माझं तोंड दिसत होतं.

काय पुसलं

संध्याकाळी तो दगड आजीसमोर ठेवला. ती बराच वेळ त्यावरून तळहात फिरवत राहिली. गोल, जातं फिरतं त्याच दिशेने.

“गुळगुळीत केलास की रं.”

“छान दिसतंय ना?”

“आता ह्ये दळत न्हाई.”

मग तिने सांगितलं. जातं नुसतं जड असून चालत नाही. दोन्ही दगडांच्या समोरासमोरच्या अंगावर बारीक घाव लागतात. ते झिजले की दाणा चिरडतो पण पीठ होत नाही, आणि हात भरून येतात. मग टाकी लावणारा माणूस यायचा. दारोदार ओरडत फिरायचा, अंगणात बसायचा आणि छिन्नीच्या छोट्या छोट्या घावांनी दगड पुन्हा खडबडीत करून द्यायचा. बदल्यात जोंधळे. आमच्या दगडावरचे शेवटचे घाव कधीचे होते? आजीने बोटं मोजली. मधल्या आत्याच्या लग्नाआधीचे.

म्हणजे ज्याला मी खडबडीतपणा म्हणत होतो तो एका माणसाने हाताने लिहिलेला मजकूर होता. त्या लिहिण्याचा अर्थ एवढाच की दगडाने अजून काम करावं. मी तो चार तासांत पुसला. माझ्या कामात चुकीचं काही डिलीट झालं तर जुनी प्रत परत आणता येते. इथं जुनी प्रत गटारीत वाहून गेली होती.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. दर वेळी टाकी लावल्यावर आणि दर दळणाला दगड थोडा थोडा झिजतो. ती झीज जाते कुठे? पिठात. पुरातत्त्वज्ञ प्राचीन माणसांच्या झिजलेल्या दातांवरून हेच सांगतात, दळणातली दगडाची कच त्यांनी आयुष्यभर चावली. म्हणजे आमच्या जात्याचा जो भाग आता नाही तो आमच्या घरातल्या चार पिढ्यांनी भाकरीतून खाल्ला. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, ज्वारीबरोबर.

मी तिला सॉरी म्हणालो. खरंच वाईट वाटलं होतं. मला वाटलं ती रडेल किंवा रागवेल. ती माझ्याकडे बघत राहिली.

“कशाला वाईट वाटून घेतोस?” ती म्हणाली. “बरं केलंस. ह्या घरात आता कोण कुणाला दळाय लावणार न्हाई.”

मग थोडं थांबून म्हणाली, “पोटुशी हुतो तवा पण दळलंय ह्येच्यावर. नवव्या म्हैन्यात. सासूला म्हटलं आज ऱ्हाऊ दे, तर म्हटली, बाळंतपण सोपं हुतं दळल्यानं. तुमी म्हंता ओव्या, ओव्या. ओव्या काय हौसेनं म्हटल्या व्हय? झोप येऊ ने म्हणून म्हटल्या.”

मी गप्प बसलो. तिने ओवी का म्हटली नाही याचं उत्तर मला मिळालं होतं, आणि मी रेकॉर्डरही चालू केला नव्हता. चांगलं झालं, केला नव्हता.

टेबल

टेबल आता नव्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. संगमरवराची गोटी मी बसवली नाही. आजी म्हणाली, भोक तसंच ठेव, तिथं खिळा हुता हे दिसू दे. जोत्याचे तीन दगड चिकटवलेले नाहीत, त्यामुळे झाडू मारताना आई रोज थोडे हलवते आणि रविवारी मी पुन्हा ओळंब्यात आणतो. संगमरवराचा पाट कापला नाही, देवघरात परत गेला. ते योग्यच झालं. टेबलावर असता तर लिंबू सरबताच्या एका थेंबाने त्यावर डाग पडला असता.

वरचा दगड मी वर्कशॉपमध्ये नेलाच नाही. तो दाराबाहेर पायरीशी आडवा ठेवलाय, खालचं अंग वर करून. त्यावर टाकीचे घाव अजून आहेत. खुंट्यासाठीची दोन भोकं आहेत: एक काठाशी झिजून झिजून फुटलेलं, दुसरं नंतर पाडलेलं. पहिलं भोक फुटायला किती वर्षं लागली, हे आजीलाही ठाऊक नाही. तिच्या सासूच्या काळातच ते फुटलं होतं.

गेल्या दिवाळीत पाहुणे आले. पुण्याहून आलेल्या एका मावसबहिणीने टेबल बघून विचारलं, कुठून घेतलं, भारी आहे. मी बोलणार तेवढ्यात आजी म्हणाली, “आमचंच हाय. लई वर्सं ह्येनं आमाला राबवलं. आता बसलंय.”

आणि तिने आपला चहाचा कप त्यावर ठेवला. कप डुगडुगला नाही.